तळहातावरची अक्षरे

मुलांनो, तुम्ही उर्दू वाचता ती उजवीकडून डावीकडे आणि मराठी वाचता ती डावीकडून उजवीकडे. दोन्ही लिप्या वेगळ्या आहेत. पण त्या शिकताना तुम्हांला कान आणि डोळे या दोघांची मदत झाली. घरात बोललेले शब्द तुमच्या कानांवर पडत होते. फळ्यावरची अक्षरे तुमच्या डोळ्यांना दिसत होती. आता अशी कल्पना करा, की एका मुलीला काहीच ऐकू येत नाही आणि काहीच दिसत नाही. ऐकू येत नाही म्हणून तिला बोलताही येत नाही. तिला वाचायला आणि लिहायला कसे शिकवायचे? अमेरिकेतील एका शिक्षिकेने आपले सारे आयुष्य या प्रश्नासाठी दिले. त्यांचे नाव ॲन सुलिव्हन. त्यांची विद्यार्थिनी हेलन केलर जगभर प्रसिद्ध झाली. या पाठात आपण तिच्या शिक्षिकेची ओळख करून घेऊ.

ॲनचा जन्म १४ एप्रिल १८६६ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, फीडिंग हिल्स नावाच्या खेड्यात झाला. तिचे आईवडील आयर्लंड देश सोडून पोटासाठी अमेरिकेत आले होते. घरी फार गरिबी होती. ॲन पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या. वेळेवर उपचार झाले नाहीत आणि तिची नजर अधू झाली. वयाच्या आठव्या वर्षी तिची आई क्षयरोगाने वारली. पुढे वडिलांनीही मुलांना सोडून दिले.

फेब्रुवारी १८७६ मध्ये ॲन आणि तिचा धाकटा भाऊ जिमी यांना ट्यूक्सबरी येथील सरकारी आश्रयगृहात पाठवण्यात आले. ज्यांना जगात कोणी नाही अशा गरिबांसाठी ते घर होते. म्हातारे, आजारी, वेडसर, अपंग असे सगळे तेथे एकत्र राहत. जिमीच्या कमरेला आजार होता. तो लंगडत चालायचा. काही महिन्यांतच तो तेथे मरण पावला. ॲन आता अगदी एकटी पडली.

त्या आश्रयगृहात ॲनने चार वर्षांहून अधिक काळ काढला. तेथे तिला शिकवणारे कोणी नव्हते. पण अंध मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात, हे तिच्या कानांवर आले होते. आपणही शाळेत जायचे, हा एकच ध्यास तिने घेतला. १८८० साली सरकारी अधिकारी आश्रयगृहाची तपासणी करायला आले. त्यांचे प्रमुख फ्रँक सॅनबॉर्न हे होते. साहेब कोण, कोठे उभे आहेत, हे ॲनला नीट दिसत नव्हते. तरी ती त्या मंडळींच्या मागे मागे फिरत राहिली. ते निघून जाणार असे वाटताच तिने धीर केला आणि मला शाळेत जायचे आहे, असे ती ओरडून सांगू लागली. तिचे म्हणणे ऐकले गेले. ७ ऑक्टोबर १८८० रोजी बॉस्टन शहरातील पर्किन्स या अंधांच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला.

त्या वेळी ॲन चौदा वर्षांची होती. तिला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. इतक्या मोठ्या मुलीला अक्षरओळख नाही, हे पाहून वर्गातल्या मुली हसत. ॲन स्वभावाने तापट होती. तिला राग येई, रडू येई. पण तिने अभ्यास सोडला नाही. त्या शाळेत कागदावर उठावाची अक्षरे छापलेली असत. मुले ती बोटांनी चाचपून वाचत. ॲनही तशी वाचायला शिकली. १८८१ आणि १८८२ साली तिच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर तिला बरेच दिसू लागले. साधे छापील पुस्तक ती डोळ्यांनी वाचू शकली. १८८६ साली ती वर्गात पहिली येऊन शाळेतून बाहेर पडली.

पर्किन्स शाळेत ॲनला आणखी एक विद्या मिळाली. तीच पुढे तिच्या आयुष्याचे काम ठरली. त्या शाळेत लॉरा ब्रिजमन नावाच्या एक बाई राहत होत्या. लहानपणीच्या तापाने लॉराची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. १८३७ साली, सुमारे आठ वर्षांची असताना, लॉरा या शाळेत आली. शाळेचे प्रमुख डॉक्टर सॅम्युअल हाऊ यांनी तिला शिकवायचे ठरवले. अशा मुलांना काही शिकवता येणार नाही, असे तेव्हा बहुतेक लोक मानत.

डॉक्टर हाऊ यांची रीत सोपी होती. चमचा, किल्ली, सुरी अशा रोजच्या वस्तूंवर त्यांनी उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. लॉरा वस्तू चाचपायची आणि चिठ्ठीही चाचपायची. मग सुट्या चिठ्ठ्या तिच्या हातात देत आणि ती त्या योग्य वस्तूवर नेऊन ठेवी. त्यानंतर शब्दातले एकेक अक्षर सुटे करून दिले. ती अक्षरे जुळवू लागली. आरंभी ती हे सारे केवळ सवयीने करीत होती. पण एके दिवशी तिच्या लक्षात आले, की या खुणा म्हणजे वस्तूंची नावे आहेत आणि त्यांच्या मदतीने आपल्या मनातले दुसऱ्याला सांगता येते. पुढे लॉरा करपल्लवीही शिकली.

करपल्लवी म्हणजे बोटांच्या खुणांनी बोलणे. इंग्रजीत २६ अक्षरे आहेत. प्रत्येक अक्षरासाठी बोटांची एक वेगळी ठेवण असते. बहिऱ्या माणसाला ती डोळ्यांनी दिसते. ज्याला दिसतही नाही, त्याच्या तळहातावर ती खूण करायची. तो स्पर्शाने अक्षर ओळखतो. ही एका हाताची अक्षरे मूळची स्पेन देशातली. १६२० साली माद्रिद येथे हुआन पाब्लो बोनेत यांनी आपल्या पुस्तकात ती चित्रांसह छापली होती. स्पेनहून ती फ्रान्समध्ये गेली. तेथून ती अमेरिकेत आली. लॉराबाईंशी गप्पा मारता याव्यात म्हणून पर्किन्समधल्या मुली ही अक्षरे शिकत. ॲनही शिकली.

पर्किन्सपासून फार दूर, दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात, टस्कंबिया नावाच्या गावी केलर कुटुंब राहत होते. २७ जून १८८० रोजी त्यांच्या घरी हेलन जन्मली. ती एकोणीस महिन्यांची असताना तिला मोठे आजारपण आले. ताप उतरला, पण तिचे डोळे आणि कान कायमचे गेले. हेलन हुशार होती. मनातले सांगण्यासाठी तिने स्वतःच काही खुणा तयार केल्या होत्या. कोणाला ओढले म्हणजे ये, ढकलले म्हणजे जा. पाव हवा असेल तर ती सुरीने तुकडे कापण्याची नक्कल करी. आइस्क्रीम हवे असेल तर यंत्र फिरवल्यासारखे करून थंडीने कुडकुडल्यासारखे दाखवी.

पण या थोड्या खुणांनी काम किती चालणार? खुणेने वस्तू मागता येत होती. मात्र काल काय घडले, उद्या काय होईल, हे असे का, ते तसे का, हे विचारण्यासाठी तिच्याजवळ काहीच नव्हते. बहिऱ्या लोकांच्या समाजात जी संकेतभाषा असते ती पूर्ण भाषा असते. हेलनला तीही माहीत नव्हती. मनात पुष्कळ दाटले होते आणि बाहेर पडायला वाट नव्हती. म्हणून ती चिडायची, लाथा मारायची, वस्तू फेकायची. काही नातेवाइकांना वाटे, की मुलीला बुद्धीच नाही.

हेलनच्या आईने प्रसिद्ध इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्स यांचे एक पुस्तक वाचले होते. डिकन्स यांनी १८४२ साली पर्किन्स शाळेला भेट दिली होती आणि त्या पुस्तकात लॉराविषयी लिहिले होते. त्यामुळे आईला आशा वाटली. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हे बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाचे काम करीत. त्यांच्या सल्ल्याने हेलनच्या वडिलांनी पर्किन्स शाळेला पत्र लिहिले आणि आपल्या मुलीसाठी शिक्षिका मागितली. शाळेचे त्या वेळचे प्रमुख मायकेल अनाग्नोस यांनी ॲनचे नाव सुचवले. ॲनने कित्येक महिने डॉक्टर हाऊ यांचे जुने अहवाल वाचून तयारी केली. ३ मार्च १८८७ रोजी ती टस्कंबियाला पोहोचली. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि हेलन सहा वर्षांची. यापुढे आपण ॲनला ॲनबाई म्हणू, कारण आता त्या शिक्षिका झाल्या होत्या.

ॲनबाईंनी येताना एक बाहुली आणली होती. ती पर्किन्समधल्या अंध मुलींनी पाठवली होती आणि तिचे कपडे लॉराबाईंनी शिवले होते. हेलन बाहुलीशी खेळू लागली. तेव्हा ॲनबाईंनी तिच्या तळहातावर बाहुलीच्या इंग्रजी नावाची अक्षरे बोटांनी काढली : डी, ओ, एल, एल. हेलनला हा खेळ आवडला. तिनेही तशीच बोटे हलवली. पण ती फक्त नक्कल होती. हे त्या वस्तूचे नाव आहे, हे तिला कळले नव्हते.

अभ्यासापूर्वी दुसरीच अडचण होती. दया येऊन घरच्यांनी हेलनला कधी अडवले नव्हते. जेवताना ती प्रत्येकाच्या ताटलीत हात घाली. ॲनबाईंनी आपल्या ताटलीत तिला हात घालू दिला नाही. हेलनने आकांत केला. घरची माणसे खोलीबाहेर गेली. ॲनबाईंनी दार लावून घेतले. बराच वेळ दोघींची झटापट चालली. शेवटी हेलन चमच्याने जेवली आणि तिने रुमालाची घडीही घातली. मग आईवडिलांच्या संमतीने ॲनबाई हेलनला घेऊन बागेतल्या छोट्या घरात राहायला गेल्या. दोघीच असल्यामुळे हेलनला त्यांची सवय झाली. शिस्त आणि माया दोन्ही एकत्र असल्या, तरच मूल शिकते, असे ॲनबाईंचे मत होते.

तो महिनाभर ॲनबाई तिच्या हातावर शब्द लिहीत राहिल्या. हेलनला अनेक शब्द बोटांनी काढता येऊ लागले, पण अर्थ कळत नव्हता. पेला आणि पेल्यातले पाणी यांत तिचा सारखा घोटाळा होई. ५ एप्रिल १८८७ चा दिवस उजाडला. सकाळी याच घोटाळ्यावरून हेलन चिडली आणि तिने नवी बाहुली आपटून फोडली. तिला त्याचे काही वाईट वाटले नाही. ॲनबाई तिला घेऊन विहिरीच्या हातपंपाकडे गेल्या. तेथे कोणीतरी पाणी काढत होते. त्यांनी हेलनचा एक हात धारेखाली धरला. गार पाणी हातावरून वाहू लागले. दुसऱ्या हातावर त्या पाण्याच्या इंग्रजी नावाची अक्षरे काढू लागल्या : डब्ल्यू, ए, टी, ई, आर. आधी सावकाश, मग भराभर.

हेलन एकदम स्तब्ध झाली. तिच्या चेहऱ्यावर नवे तेज आले. हातावरची ही खूण म्हणजे हे वाहणारे गार पाणी, हे तिला उमजले. प्रत्येक वस्तूला नाव असते, हे तिला कळले. तिने जमिनीला हात लावून तिचे नाव विचारले. पंपाचे विचारले. मग वळून ॲनबाईंचे नाव विचारले. त्यांनी तिच्या हातावर शिक्षिका या अर्थाचा शब्द लिहिला. तेव्हापासून जन्मभर हेलन त्यांना त्याच नावाने हाक मारीत राहिली. आपण जसे आपल्या शिक्षिकेला बाई म्हणतो, तसेच ते होते. त्या दिवशी हेलन सुमारे तीस नवे शब्द शिकली. घरात येताच तिला फुटलेली बाहुली आठवली. ती तुकडे जुळवू लागली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. शब्द कळले आणि त्यांच्याबरोबर पश्चात्तापही कळला. त्या रात्री ती आपणहून ॲनबाईंच्या कुशीत शिरली.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण खरे शिक्षण त्यानंतर सुरू झाले. त्याविषयी फार थोडे सांगितले जाते.

एकेक शब्द शिकवून हेलनला भाषा येईल का, असा प्रश्न ॲनबाईंना पडला. त्याचे उत्तर त्यांना घरातच मिळाले. हेलनच्या नात्यातले एक पंधरा महिन्यांचे मूल तेथे होते. त्याला बोलता येत नव्हते, पण मोठ्यांनी सांगितलेले बरेच कळत होते. ॲनबाईंनी विचार केला. लहान मुलाला कोणी सुटे शब्द पाठ करायला लावत नाही. त्याच्याशी सगळे पूर्ण वाक्यांत बोलतात. ते महिनोन्‌महिने ऐकते आणि मग बोलते. मग हेलनशीही तसेच बोलले पाहिजे. बाळाच्या कानात आपण बोलतो, तसे तिच्या हातात बोलायचे.

त्या दिवसापासून ॲनबाईंनी हेलनच्या हातावर पूर्ण वाक्ये लिहायला सुरुवात केली. सगळे शब्द तिला कळत नाहीत याची त्यांनी काळजी केली नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत त्या बोटांनी बोलत असत. शेतात, नदीकाठी, झाडावर चढताना, कोंबडीचे पिल्लू हातात घेताना, सगळीकडे बोलणे चाले. टेनेसी नदीच्या काठी चिखलाची धरणे, बेटे आणि तलाव करून हेलन भूगोल शिकली. घरातल्या माणसांनीही बोटांची अक्षरे शिकून घेतली. त्यामुळे हेलनशी बोलणारे हात वाढले.

वाचन शिकवताना त्यांनी डॉक्टर हाऊ यांच्या रीतीचा उपयोग केला, पण तिला खेळाचे रूप दिले. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर उठावाच्या अक्षरांत एकेक शब्द छापलेला असे. त्या पट्ट्या जुळवून वाक्य करायचे आणि तसे खरोखर घडवायचे. बाहुली पलंगावर आहे असे वाक्य करायचे असेल, तर हेलन बाहुलीला पलंगावर ठेवी आणि शेजारी शब्दांच्या पट्ट्या मांडी. एक दिवस तिने मुलगी या शब्दाची पट्टी आपल्या झग्याला टाचली. मग ती कपाटात जाऊन उभी राहिली आणि बाकीचे शब्द तिने फळीवर मांडले. मुलगी कपाटात आहे, असे वाक्य तयार झाले. ते वाक्य म्हणजे ती स्वतःच होती.

त्यानंतर उठावाच्या अक्षरांचे पुस्तक आले. हेलनला सारे वाचता येत नव्हते. ती पानावरून बोटे फिरवून ओळखीचे शब्द शोधी. लपंडावात लपलेला मित्र सापडावा, तसा एखादा शब्द सापडला की तिला आनंद होई. कठीण शब्द आले म्हणून ॲनबाईंनी पुस्तक काढून घेतले नाही. आजूबाजूच्या ओळखीच्या शब्दांवरून मूल नवा शब्द ओळखते, हे त्यांना माहीत होते.

लिहिण्यासाठी खाचा असलेली एक पाटी होती. तिच्यावर कागद ठेवायचा आणि खाचेच्या आधाराने पेन्सिलीने चौकोनी अक्षरे काढायची. १७ जून १८८७ रोजी हेलनने आपल्या एका बहिणीला पहिले पत्र लिहिले. ॲनबाईंना येऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. पत्रातली वाक्ये मोडकी होती. विरामचिन्हे नव्हती. पण घरातल्या साध्या गोष्टी तिने आपल्या शब्दांत सांगितल्या होत्या. आता ती समोर नसलेल्या माणसाशीही बोलू शकत होती. पुढे ती ब्रेल लिपी शिकली. पाटीवर लिहिलेले स्वतःचे अक्षर तिला पुन्हा वाचता येत नसे. ब्रेलमध्ये लिहिलेले मात्र ती बोटांनी वाचू शकत होती.

ब्रेल लिपीविषयी एक गंमत तुम्हांला सांगण्यासारखी आहे. ही लिपी फ्रान्समधील लुई ब्रेल यांनी तयार केली. तिच्यात उठावाचे सहा ठिपके असतात. १९५१ साली भारतातील भाषांसाठी भारती ब्रेल ही एकच पद्धत ठरली. उर्दूतला बे आणि मराठीतला ब हे शाईने लिहिले तर किती वेगळे दिसतात! पण ब्रेलमध्ये दोन्हींसाठी तेच दोन ठिपके आहेत. इंग्रजी बी या अक्षरालाही तेच आहेत. शिवाय ब्रेलमध्ये उर्दूसुद्धा डावीकडून उजवीकडे वाचतात.

हेलनची प्रगती होत होती, पण वाट सरळ नव्हती. अकरा वर्षांची असताना तिने हिमराजावर एक गोष्ट लिहिली आणि अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. ती छापली गेली. मग कळले, की मार्गारेट कॅन्बी या लेखिकेची अगदी तशीच गोष्ट पूर्वी प्रसिद्ध झाली होती. काही वर्षांपूर्वी ती गोष्ट हेलनच्या हातावर कोणीतरी वाचून दाखवली असावी. ती विसरून गेली, पण शब्द मनात राहिले होते. १८९२ साली पर्किन्स शाळेत चौकशी झाली. लहान मुलीला मोठ्या माणसांसमोर बसवून प्रश्न विचारण्यात आले. तिच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही, पण तिचे मन दुखावले. पुढे बराच काळ लिहिताना तिला भीती वाटे, की हे शब्द माझे आहेत की दुसऱ्याचे? ॲनबाईंवरही ठपका आला. तरी त्यांनी हेलनचे लिहिणे थांबू दिले नाही.

१९०० साली हेलनने रॅडक्लिफ महाविद्यालयात प्रवेश घेतला. वर्गात प्राध्यापक बोलत आणि शेजारी बसलेल्या ॲनबाई ते सारे तिच्या हातावर लिहीत. बरीच पुस्तके ब्रेलमध्ये नव्हती. ॲनबाई ती स्वतः वाचत आणि हेलनच्या हातावर उतरवत. हे काम रोज तासन्‌तास चाले. अधू डोळ्यांना विश्रांती हवी होती, पण ती त्यांना मिळाली नाही. परीक्षेच्या वेळी हेलन टाइपरायटरवर स्वतः उत्तरे लिही. १९०४ साली ती विशेष गुणवत्तेसह पदवीधर झाली. बहिऱ्या आणि अंध व्यक्तीने पदवी मिळवल्याचे हे पहिले उदाहरण होते. तोच सारा अभ्यास ॲनबाईंच्या बोटांमधून गेला होता, पण त्यांना पदवी मिळाली नाही.

१९०३ साली हेलनचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात ॲनबाईंनी सुरुवातीच्या दिवसांत लिहिलेली पत्रेही छापली होती. त्यामुळे त्यांची शिकवण्याची रीत जगाला कळली. पुढे दोघींनी अनेक ठिकाणी व्याख्याने दिली आणि अंधांच्या कामासाठी निधी गोळा केला. १९३२ साली टेंपल विद्यापीठाने ॲनबाईंना सन्मानाची पदवी दिली. शेवटच्या वर्षांत त्यांची नजर जवळजवळ पूर्ण गेली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचा हात हेलनच्या हातात होता.

हेलन केलर यांनी आपल्या बाईंचे काम पुढे चालवले. १९५५ साली, चौऱ्याहत्तर वर्षांच्या असताना, त्या भारतातही आल्या होत्या. त्याच वर्षी त्यांनी आपल्या शिक्षिकेवर लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले. १९७७ साली मुंबईत कर्णबधिर आणि अंध मुलांसाठी हेलन केलर यांच्या नावाने संस्था सुरू झाली. अशा मुलांच्या हातावर अक्षरे लिहिणारे शिक्षक आपल्याकडेही तयार झाले.

आज अनेक मुलांना ऐकू येते, सारे समजते, पण शरीराच्या दुबळेपणामुळे बोलता येत नाही. ती चित्रांच्या फलकावर बोट ठेवून, नजरेने दाखवून किंवा बोलणाऱ्या यंत्राची कळ दाबून आपले म्हणणे सांगतात. चित्रे फार उपयोगी असतात. पाण्याचे चित्र दाखवले की पाणी मिळते. पण फलकावर जे चित्र नाही, ते मूल कसे सांगणार? कोणती चित्रे ठेवायची, हे दुसऱ्यानेच ठरवलेले असते. अक्षरांचे तसे नाही. थोडीशी अक्षरे हाती आली, की त्यांतून कोणताही शब्द तयार होतो. कोणी न सुचवलेली गोष्टही सांगता येते. तक्रार करता येते, थट्टा करता येते, प्रश्न विचारता येतो. म्हणून अशा मुलांना आधी बोलायला येऊ दे, मग वाचायला शिकवू, असे म्हणून थांबणे योग्य नाही.

ॲन सुलिव्हन यांनी हेच दाखवून दिले. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे त्यांनी कधी मानले नाही. स्वतः त्यांना चौदाव्या वर्षापर्यंत अक्षर मिळाले नव्हते. अक्षराची भूक काय असते, हे त्या जाणून होत्या. म्हणूनच त्या एका मुलीच्या तळहातावर जवळजवळ पन्नास वर्षे लिहीत राहिल्या. आपल्या घरात, शेजारी किंवा वर्गात असे एखादे मूल असेल, तर त्याच्याशी आपणही पूर्ण वाक्यांत बोलले पाहिजे आणि त्याच्या उत्तराची धीराने वाट पाहिली पाहिजे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ॲन सुलिव्हन यांचा जन्म कोठे झाला?
(आ) करपल्लवी म्हणजे काय?
(इ) हेलनने पहिले पत्र केव्हा लिहिले?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) ॲनला शाळेत प्रवेश कसा मिळाला?
(आ) पंधरा महिन्यांच्या मुलाकडे पाहून ॲनबाईंना काय सुचले?
(इ) फुटलेली बाहुली पाहून हेलनला दुसऱ्या वेळी वाईट का वाटले?

३. चित्रांच्या फलकापेक्षा अक्षरांनी जास्त गोष्टी सांगता येतात. कारण तुमच्या शब्दांत लिहा.

४. वर्गात जोड्या करा. न बोलता, मित्राच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर लिहून एक वाक्य सांगा. त्याला ते ओळखता आले का, ते वर्गात सांगा.